तुरीच्या ओळी आणि भावाचा सांगावा: मराठवाडा, २०१५ ते २०१७

२०१७ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत मराठवाड्यातील आणि विदर्भातील बाजार समित्यांच्या आवारांत तुरीने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या होत्या. हमीभाव केंद्रांवर कुठे बारदाना संपलेला, कुठे चाळणी एकच, कुठे गोदामात पोते ठेवायला जागा नाही, अशा कारणांनी माप लांबत राहिले आणि शेतकरी आपापल्या मालावर ताडपत्री टाकून, घरून आलेली भाकरी खाऊन तिथेच रात्री काढत राहिले. त्या दिवसांत एक प्रश्न वारंवार कानावर पडत असे: भाव चढलेला दिसला की सगळेच एक पीक का पेरतात? या प्रश्नात एक आरोप दडलेला होता. लहान शेतकऱ्याला बाजार कळत नाही, तो गेल्या वर्षीच्या भावामागे धावतो आणि तोंडघशी पडतो, असा तो आरोप होय. तुरीच्या त्या दोन हंगामांचा हिशेब नीट मांडला, तर हा आरोप टिकत नाही. शेतकऱ्याने भावाचा सांगावा ऐकला, पण तो पुरता खरा मानला नाही. आपल्या शेतात झेपेल तेवढीच जागा त्याने तुरीला वाढवून दिली. त्याला पेरायला सांगणाऱ्या यंत्रणेने मात्र आलेला माल घेण्याची तयारी केलेली नव्हती.

भाव होता तेव्हा माल नव्हता

२०१४ आणि २०१५ ही लागोपाठची दोन वर्षे पावसाने दगा दिलेली होती. २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन २५ लाख ६० हजार टनांच्या आसपास आले आणि महाराष्ट्रात ते सुमारे साडेचार लाख टनांपर्यंत घसरले. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांवर गेली, अख्ख्या तुरीच्या भावाने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला, आणि त्या वर्षीचा बोनससह हमीभाव मात्र ४,६२५ रुपये होता. साठ्यांवर मर्यादा आल्या, गोदामांवर छापे पडले, आयातीची बोलणी सुरू झाली.

या चढ्या भावाचा शेतकऱ्याशी नेमका संबंध किती होता, हे इथेच पाहून ठेवले पाहिजे, कारण पुढचा सगळा गुंता त्यातून निघतो. तूर मृगाच्या पावसावर पेरायची आणि संक्रांतीच्या आगेमागे काढायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती कळी-फुलांत उभी असते, आणि मागच्या हंगामातला माल लहान शेतकऱ्याच्या घरातून कधीच गेलेला असतो. म्हणजे २०० रुपयांची डाळ ज्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होती, त्या दिवसांत विकायला त्याच्याकडे दाणा नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये नवी तूर आली तेव्हाही भाव बरा होता, पण रास नव्हती. राज्याची सरासरी हेक्टरी साडेतीनशे किलोंच्या घरात, म्हणजे एकरी दीड क्विंटलही नाही. त्यातून बियाणे आणि घरची डाळ बाजूला काढल्यावर बाजारात न्यायला कितीसे उरणार? त्यानंतरच्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. चढा भाव या भागातील कोरडवाहू कुटुंबाला पैसा म्हणून मिळाला नाही, तो केवळ बातमी म्हणून मिळाला. त्या बातमीवर पुढची पेरणी करायची, तर ती उधारीच्या बियाण्या-खतावरच करावी लागणार होती.

पेरणी यंत्राच्या पेटीतला निर्णय

अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. डच वसाहतीतील जावाकडे पाहून बोएके या अर्थतज्ज्ञाने असे मांडले होते, की गरीब शेतकऱ्याच्या गरजा ठरावीक असल्याने भाव वाढला तर तो कमीच माल विकायला आणतो. भारतात राज कृष्ण यांनी १९६३ साली फाळणीपूर्व पंजाबच्या आकडेवारीवरून हे मत खोडून काढले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे अमेरिकन जातीच्या कापसाचा तुलनात्मक भाव दहा टक्क्यांनी वाढला, तर लगेचच्या हंगामात त्याचे क्षेत्र सुमारे सात टक्क्यांनी वाढत असे आणि काही वर्षांच्या अवधीत त्याहून अधिक. परंतु पंजाबच्या त्या शेतीला कालव्याचे पाणी होते. मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या माळावरचा शेतकरी भाव ऐकतो तेव्हा त्याला आधी आभाळाकडे पाहावे लागते, आणि त्याचा प्रतिसाद एकरांत नव्हे, तर ओळींत मोजावा लागतो.

उदाहरणादाखल चार एकर कोरडवाहू जमीन असलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. या जमिनीत बहुधा सोयाबीन असते आणि त्यात तूर आंतरपीक म्हणून येते. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघते आणि दिवाळीच्या तोंडावर हातात रोकड देते. त्या रोकडीतून दुकानदाराची उधारी, पोरांचे कपडे आणि रब्बीचे बियाणे भागते. तूर मात्र संक्रांतीच्या आगेमागेपर्यंत रानात उभी राहते. तिची मुळे खोल जातात, पाने गळून जमिनीला लागतात, पुढच्या पिकासाठी बेवड चांगला होतो आणि तुराट्या जळणाला किंवा कुडाला येतात. पण ती दिवाळीला एक पैसाही देत नाही. त्यामुळे तुरीचा भाव दुप्पट झाला, तरी हे कुटुंब चारही एकरांत निव्वळ तूर पेरू शकत नाही. जानेवारीपर्यंत घर कशावर चालवायचे, हा प्रश्न कोणत्याही भावापेक्षा मोठा असतो.

प्रत्यक्षात निर्णय होतो तो बांधावर, ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडलेले असताना. यंत्राच्या पेटीत सात कप्पे असतील, तर सहांत सोयाबीन आणि एकात तूर ओतायची, की चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असा मेळ घालायचा, एवढाच तो प्रश्न असतो. मालक हातात बियाण्याची पिशवी घेऊन क्षणभर थांबतो, घरातल्या म्हाताऱ्याला विचारतो, आणि आणखी एका कप्प्यात तूर पडते. भावाला दिलेला प्रतिसाद म्हणजे हा एक कप्पा. तो चुकला तर सोयाबीन हाताशी आहे, आणि सोयाबीनच्या फुलोऱ्यात पावसाने ताण दिला तर पुढे परतीच्या पावसावर तूर सावरते. नफ्याची ओढ आणि बुडण्याचे भय या दोन्हींचा इतका नेमका मेळ मला इतर कोणत्याही व्यवसायात सहसा दिसलेला नाही.

या निर्णयाला २०१६ च्या जूनमध्ये आणखी एक आधार मिळाला. केंद्र सरकारने तुरीचा हमीभाव बोनससह ५,०५० रुपये जाहीर केला, तोही पेरणीच्या तोंडावर. ते साल संयुक्त राष्ट्रांनी कडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळायचे ठरवलेले होते, आणि कडधान्य पेरा, असा सरकारी आग्रह सर्वत्र होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. दहा हजारांचा भाव टिकणार नाही हे त्यालाही कळत होते; पण पाच हजारांच्या खाली काही जाणार नाही, असे सरकारनेच लिहून दिले होते.

पावसाचा वाटा

पुढे जे घडले त्याला सर्रास “भावाच्या मोहाने वाढलेले उत्पादन” म्हटले गेले. आकडे निराळे सांगतात. महाराष्ट्रात तुरीचे क्षेत्र सुमारे १२ लाख ४० हजार हेक्टरांवरून १४ लाख ४० हजार हेक्टरांच्या आसपास गेले, म्हणजे वाढ साधारण एक षष्ठांश. उत्पादन मात्र साडेचार लाख टनांवरून वीस लाख टनांच्या घरात गेले, म्हणजे चौपटीहून अधिक. भाव हमीभावाच्या दुप्पट दिसत असतानाही ज्याने आपले क्षेत्र एक षष्ठांशानेच वाढवले, त्याला भावामागे धावणारा कसे म्हणता येईल? बाकीची सगळी वाढ पावसाची होती. २०१६ चा पावसाळा मराठवाड्यात दोन वर्षांची कसर भरून काढणारा ठरला. सप्टेंबरच्या शेवटी नद्यांना पूर आले, मांजरा धरण भरले आणि जमिनीत मुरलेल्या त्या ओलीवर तूर अशी लगडली, की हेक्टरी उतारा जवळपास १,४०० किलोंवर गेला.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, २०१६ मध्ये राज्यातील एकाही शेतकऱ्याने तुरीची एक ओळही वाढवली नसती आणि क्षेत्र आदल्या वर्षीइतकेच राहिले असते, तरी त्या उताऱ्याने सुमारे सतरा लाख टन तूर आलीच असती. आंतरपिकाच्या नोंदीत वाढलेल्या काही ओळी सुटतात आणि त्यांचे पीक उताऱ्याच्या खात्यात जाते, हे धरूनही ढोबळ चित्र बदलत नाही. देशपातळीवर क्षेत्राची वाढ अधिक होती, ४० लाख हेक्टरांवरून ५३ लाखांच्या पुढे, आणि त्यात कर्नाटकातील कलबुर्गीकडच्या तूरपट्ट्याचा मोठा वाटा होता. उत्पादन ४८ लाख ७० हजार टनांवर पोहोचले. पण तिथेही हेक्टरी उतारा साधारण साडेसहाशे किलोंवरून नऊशेच्या पुढे गेलेला होता.

अर्थशास्त्रात अशा चढउताराला कोळी या किड्याच्या जाळ्याची उपमा देतात: भाव चढतो, पेरा वाढतो, भाव पडतो, पेरा घटतो आणि आलेखावरची रेघ जाळ्यासारखी फिरत राहते. हे नाव १९३४ मध्ये अर्थतज्ज्ञ काल्डोर यांनी रूढ केले. त्या मांडणीत शेतकरी गेल्या वर्षीचा भाव पुढच्या वर्षीचाच म्हणून धरून चालतो. पुढे १९५८ च्या सुमारास नर्लोव्ह यांनी यात सुधारणा केली: शेतकरी आपला अंदाज थोडाथोडा सरकवतो, मागच्या अनुभवाने नव्या बातमीला आवर घालतो. मराठवाड्यातला तो वाढलेला एक कप्पा नर्लोव्ह यांच्या मांडणीशी जुळतो. मात्र या दोन्ही मांडण्यांत न मावणारी एक गोष्ट इथे होती, आणि ती म्हणजे दिल्लीचे निर्णय.

उघडे दार आणि बंद दार

२०१६ च्या पेरण्या होत असतानाच, जुलैमध्ये, भारताने मोझांबिकशी कडधान्य आयातीचा पाच वर्षांचा करार केला. आयात वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत वर्षाला दोन लाख टनांवर न्यायची होती. म्यानमारहून येणारी तूर वेगळीच. २०१६-१७ मध्ये देशात सात लाख टनांच्या आसपास तूर बाहेरून आली आणि सगळ्या कडधान्यांची मिळून आयात ६६ लाख टनांवर गेली. मार्च २०१७ च्या अखेरीपर्यंत तुरीवर आयातशुल्क नव्हते. ते दहा टक्के लागले तोवर शेतकऱ्यांच्या राशी बाजारात येऊन पडलेल्या होत्या. निर्यात २००६ पासून बंदच होती. व्यापाऱ्यांवरील साठामर्यादा मे २०१७ पर्यंत लागू होत्या. म्हणजे विक्रमी पीक येत असताना माल बाहेर न्यायची वाट बंद, आत यायची वाट मोकळी, आणि देशातल्या देशात माल घेऊन ठेवू शकणाऱ्याचे हात बांधलेले. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर भाव पडण्यासाठी आणखी काही लागत नाही.

हे आधी कोणाला दिसले नव्हते, असेही नाही. केंद्राचे तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सप्टेंबर २०१६ मध्येच, म्हणजे तूर अजून शेंगेलाही लागली नव्हती तेव्हा, युद्धपातळीवर खरेदीची तयारी करा, निर्यातबंदी उठवा आणि साठामर्यादा काढा, असे सुचवले होते. निर्यातबंदी उठायला पुढचा सप्टेंबर उजाडला. हा एक वर्षाचा उशीर मला या प्रकरणातील सर्वांत जिव्हारी लागणारा भाग वाटतो, कारण पाऊस कोणाच्या हाती नव्हता, पण हा कागद तयार होता.

या निर्णयांचा फटका समुद्रापलीकडेही बसला. मोझांबिकमधील झांबेझिया, नांपुला या प्रांतांतील लहान शेतकरी मक्यात तूर लावतात. तिथे डाळ खाण्याची रीत फारशी नाही, त्यामुळे पीक जवळपास सगळे भारतासाठीच असते. करारावर विसंबून त्यांनीही तूर वाढवली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीची आयात वर्षाला दोन लाख टनांवर मर्यादित केली, तेव्हा त्यांच्या गावांतले भाव कोसळले. लातूर जिल्ह्यातल्या औशाचा शेतकरी आणि झांबेझियातला शेतकरी एकमेकांना कधी भेटणार नाहीत. पण दोघांनी एकाच सरकारचे म्हणणे ऐकून पेरणी केली होती.

माल विकताना

जानेवारी २०१७ मध्ये नवी तूर आडतीवर येऊ लागली तेव्हा भाव हमीभावाच्या खाली घसरलेले होते. पुढे बऱ्याच बाजारांत ते ३,५०० ते ४,५०० रुपयांच्या दरम्यान राहिले. पेरताना इतका सावध असलेला शेतकरी विकताना मात्र उतावीळ दिसतो. भाव पडलेला असताना थांबायचे, हे शहाणपण त्यालाही ठाऊक असते. पण त्या वर्षी सोयाबीनच्या पैशांनी त्याला आधार दिलेला नव्हता. सोयाबीन बऱ्याच ठिकाणी २,७७५ रुपयांच्या हमीभावाला टेकत नव्हते, आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर आडत बाजारात रोकडीची टंचाई झाली होती. दुकानदाराची जूनमधली उधारी, मळणीयंत्राचे भाडे आणि काढणीची मजुरी तूर घरात येताच दारात उभी राहिली.

वरच्या उदाहरणातील कुटुंबाकडे बारा क्विंटल तूर झाली असे धरू. केंद्रावर तिचे ६०,६०० रुपये व्हायला हवेत. आडतीवर ४,००० रुपयांनी ४८,००० होतात, आणि हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात येते. फरक साडेबारा हजारांहून अधिक. तरीही अनेकांनी आडतच धरली, आणि त्यामागे हिशेब होता. केंद्रावर नेण्यासाठी सातबाऱ्यावर तुरीची नोंद हवी, आणि आंतरपिकाच्या शेतात पुष्कळदा नुसते सोयाबीन लिहिलेले असते. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. रांगेत ट्रॅक्टर उभा राहिला तर प्रत्येक दिवसाचे भाडे चढते. चाळणीखाली पडलेला बारीक दाणा परत घरी न्यायचा. आणि एवढे करून पैसे खात्यावर कधी जमा होतील याचा भरवसा नाही. दोन-चार पोत्यांच्या मालकाला हे सगळे परवडत नाही. पन्नास पोती असलेल्याला परवडते. हमीभाव सर्वांना सारखा जाहीर होतो, पण तो पदरात पाडून घेण्याचा खर्च लहान मालाला जास्त पडतो, आणि म्हणून ज्याच्यासाठी तो मुळात असतो त्याच्यापर्यंतच तो कमी पोहोचतो.

२२ एप्रिल २०१७ ला केंद्र सरकारची खरेदी थांबली तेव्हा रांगा तशाच उभ्या होत्या. राज्य सरकारला बाजार हस्तक्षेप योजनेतून ती पुढे चालवावी लागली. व्यापाऱ्यांची तूर शेतकऱ्यांच्या नावावर केंद्रांत शिरली, अशा तक्रारी झाल्या आणि तपासण्या कडक झाल्या. त्या कडकपणाचा काचही पुन्हा रांगेतल्याच माणसाला बसला. १ जूनला पुणतांब्यातून उभा राहिलेला शेतकरी संप राज्यभर पसरला, आणि महिनाअखेरीपूर्वी कर्जमाफीची घोषणा झाली.

पुढची पेरणी

२०१७ च्या खरिपात देशातील तुरीचे क्षेत्र ५३ लाख हेक्टरांवरून ४४ लाखांच्या आसपास उतरले. महाराष्ट्रातही ते जवळजवळ जुन्या पातळीवर आले. तुरीला दिलेला तो जास्तीचा कप्पा पुन्हा सोयाबीनने भरला, किंवा शेतच कापसाकडे वळले. राज्यात कापसाचे क्षेत्र ३८ लाख हेक्टरांवरून ४२ लाखांच्या पुढे गेले आणि त्याच हंगामात बोंडअळीने कापसाची दैना केली. तुरीचा हमीभाव वाढवून ५,४५० रुपये केला होता, तरी पेरा कमी झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शेतकऱ्याने आता जाहीर झालेल्या भावाकडे न पाहता, तो भाव गेल्या वर्षी आपल्या गल्लीत किती जणांना मिळाला, याकडे पाहिले होते.

त्यानंतर हाच क्रम पुन्हा एकदा फिरला. मे २०२१ मध्ये तुरीच्या आयातीवरची मर्यादा उठली. २०२३-२४ मध्ये पीक कमी आल्याने भाव पुन्हा १०,००० रुपयांच्या पुढे गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर हमीभावाने किंवा त्याहून चढ्या बाजारभावाने घेण्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पण २०२५ च्या सुरुवातीला नवा माल आला तेव्हा भाव पुन्हा ७,५५० रुपयांच्या हमीभावाच्या खाली घुटमळत होता, आणि त्याच जानेवारीत या मुक्त आयातीला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. मेअखेरीस पुढच्या हंगामासाठी ८,००० रुपयांचा हमीभाव जाहीर झाला. जूनमध्ये लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याने पेरणी यंत्राची पेटी उघडली तेव्हा त्याच्यासमोर हे दोन्ही कागद होते: एकावर आठ हजारांचा आकडा, आणि दुसऱ्यावर त्याची रास घरी येईल त्या जानेवारीतही आयातीचे दार उघडेच राहील, ही तारीख.